न थांबणारे टाळ

पुढारपण करायचं तर आत्मविश्वास हवा, हे कुणीही सांगेल. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ‘मी’पणा गळावा म्हणून जो रोज देवापुढे हात जोडतो, त्याने हा विश्वास आणायचा कुठून? मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि वारीही करते, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

अर्जुनाच्या हातून गांडीव निसटलं, तेव्हा त्याची विद्या कमी पडली नव्हती. श्रीकृष्ण त्याला टोचून बोलतात, अपकीर्तीचा धाकही दाखवतात. पण भर तिथे नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ते लोकसंग्रहावर, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी करायच्या कामावर येतात आणि अकराव्यात सरळ सांगतात, तू निमित्त हो. म्हणजे बळ कामातून येतं, स्वतःच्या मोठेपणातून नव्हे. मला हे मनापासून पटतं. तरी एक धास्ती वाटते. ‘मी फक्त निमित्त’ म्हणत जबाबदारी झटकणारे पुढारी आपण कमी का पाहिलेत?

या धास्तीला उत्तर मिळतं ते वारीत, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीतळावर, समाजआरतीच्या वेळी. दिवसभर चालून आलेल्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतात, लांबलचक आरोळी देतात आणि अफाट समाज एकदम चिडीचूप होतो. हा अधिकार पाहून अंगावर काटा येतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एकाच बाजूने टाळांचा खणखणाट! मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्याची दखल घेतली गेली की तिचे टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती.

या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शिंद्यांच्या पदरचे ते सरदार. रथापुढच्या २७ दिंड्यांचा ठरलेला क्रम पाहिला की फौजेतली शिस्त आठवते. पण फौजेत हुकूम झाल्यावर वाजत राहण्याची मुभा कुणाला असते? इथे आहे, आणि त्याने चोपदारांचा मान तसूभरही कमी होत नाही. ‘माउलींची इच्छा’ म्हणून त्यांना तिथून सुटता येत नाही. टाळ वाजतोय तोवर जावंच लागतं. खरं निमित्त होणं मी यालाच म्हणते. ज्याला स्वतःचा मान सांभाळायचा नाही, तोच भर समाजात विरोधाकडे निर्धास्त चालत जाऊ शकतो.

आमच्या शिक्षकसभेत सहामाहीचं वेळापत्रक सगळ्यांनी मान्य केलं, एक बाई सोडून. पर्यवेक्षणाच्या पाळ्या लहान मुलं असलेल्या शिक्षिकांना जड जातात, असं त्यांचं म्हणणं. उद्या मधल्या सुट्टीत मी त्यांच्या वर्गात जाऊन बसणार आहे. तोवर ते वेळापत्रक फलकावर लागणार नाही.