भिंतीची पूर्वतयारी

भिंतीवर चित्रकागद लावण्यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणी पूर्वी विचारले असते तर आम्हीही हसलो असतो. कडगंचीच्या आमच्या जुन्या घरातील माजघराच्या भिंतीने आमचे ते हसू काढून घेतले.

पुण्यास नोकरी करणाऱ्या सूनबाईंनी दिवाळीपूर्वी एक भलामोठा चित्रकागद पाठविला. धुक्यातला सह्याद्री आणि मधोमध राजगडाचा बालेकिल्ला. बारा फूट रुंद, आठ फूट उंच, चार पट्ट्यांत विभागलेला. आमचे पूर्वज घाटाकडून या मुलखात आले त्यास किती पिढ्या लोटल्या, हे घरात कोणास नक्की सांगता येत नाही. तरी 'मूळ गाव' म्हटले की डोंगरच डोळ्यांपुढे येतो. तुरीच्या या सपाट काळ्या रानात राहून भिंतीवर डोंगर असावा असे वाटणे आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीचे असेल. वास्तविक आमचे गाव 'गुरुचरित्र'कार सरस्वती गंगाधरांचे. घरची भाषा कानडी असता त्यांनी मराठीत ग्रंथ रचला, असे मानले जाते. येथे कोण कोणाचा आणि कोणती भाषा कोणाची, याचा निवाडा एवढा सोपा नाही. पण ते असो.

कागद लावणे अर्ध्या दिवसाचे काम, भिंत तयार करणे आठवड्याचे. आमची भिंत दगड-मातीची, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या सफेदीचे पापुद्रे. पोपडे सुटलेल्या सफेदीवर खळ धरत नाही. कागद आपल्याबरोबर पापुद्राही घेऊन खाली येतो. म्हणून आधी खरवडणे, मग भेगांत लांबी भरणे, पॉलिशपेपरने घासणे, प्रायमरचा हात देणे, आणि मग ओळंबा सोडून पहिल्या पट्ट्याची उभी रेघ आखणे. ती रेघ जरा ढळली तर चौथ्या पट्ट्यापर्यंत गड कलंडतो. गावातला गवंडी हे सारे जाणून होता. त्याने एक इशाराही दिला : चुन्याची भिंत श्वास घेते, तिच्यावर प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद चिकटवला तर आतली ओल आतच राहील, लोणा धरेल, बुरशी येईल. आम्ही ते ऐकून सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सफेदीच्या खालून गेरूची अक्षरे निघू लागली. मोडी होती. ही भिंत पूर्वी बळदाची. तेथे आमच्या आजोबांचे धान्य असे. वडिलांनी लहानपणी गिरवून घेतल्यामुळे आम्हांस मोडी वाचता येते. फसली १३३४, म्हणजे इसवी सन १९२४च्या सुमाराचा तो हिशेब होता. एका नावापुढे ज्वारी चार मण, वाढीदिढीने. पुढल्या सालाखाली सहा. त्यापुढे नऊ. त्यापुढे साडेतेरा. आणि त्यानंतर आकडा नाही, दोनच शब्द : 'शेत दिले'.

ते नाव गवंड्याच्या घराण्याचे होते. ते चार एकरांचे शेतही आम्हांस ठाऊक होते. आमच्या वडिलांनी ते विकले आणि त्या पैशावर आमचे त्या वेळच्या गुलबर्ग्यातले महाविद्यालयीन शिक्षण झाले.

गवंड्याने कानडीत विचारले, "काय लिहिलंय, सावकार?" आमच्या भागात जमीनवाल्याला आदराने 'सावकार' म्हणण्याची रीत आहे, आयुष्यभर तो शब्द आम्ही सहज ऐकला. आम्ही उत्तर दिले, "धान्याचा हिशेब आहे." यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्या रात्री मनाने आपली वकिली सुरू केली. प्रथम सुचले ते असे, की कागदाखाली अक्षरे सुरक्षित राहतील. झाकणे म्हणजेच जपणे. पण अजिंठ्याची गोष्ट आठवली. ती लेणी निजामाच्या राज्यात होती, जसे तेव्हा आमचे गावही होते. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ आणून चित्रांचे जतन करविले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला खरा, पण वर लाखेचा जो लेप दिला तो पुढे पिवळा-काळा पडून चित्रांवरच बसला. त्यांचा हेतू तरी चित्रे वाचविण्याचा होता. आम्हांस कोणास वाचवायचे होते?

मग कायदा आठवला. आम्ही राज्य सरकारच्या महसूल खात्यात चाकरी केली. १ मार्च १९७४ पासून कुळांनी कसलेली जमीन सरकारात निहित झाली आणि कुळांना तिच्यावरील हक्कासाठी अर्ज करता आला. नोकरीच्या आरंभीच्या काळात अशा रेंगाळलेल्या संचिका आमच्या टेबलावरून गेल्या. म्हाताऱ्या माणसांना आम्ही निर्विकारपणे विचारीत असू, "काही लेखी आहे का?" बहुतेकांजवळ नसे. लेखी कोणाच्या घरी असते, हे तेव्हा सुचले नाही.

मुदतीच्या कायद्याने आमच्यावर काहीच येत नाही. हिंदू विधीत बापाचे कर्ज मुलाने फेडावे असा धर्म सांगितला होता. २००५च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरता तोही संपला. मात्र त्या धर्मातही विचार आहे तो पूर्वजाने घेतलेल्या कर्जाचा. पूर्वजाने दिलेल्या कर्जातून जे घरात आले, त्याचे काय? पितृऋण म्हणजे पितरांनी आपल्याला दिलेल्याचे ऋण, एवढेच आम्ही समजत आलो. आजोबांची बाजूही आम्ही मांडून पाहिली. तेव्हाची रीतच तशी होती, दुष्काळात त्यांच्याच बळदातून धान्य निघत असे. हे सारे खरे असू शकते. साडेतेराचा आकडा त्याने लहान होत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही गवंड्याला खुर्ची दिली आणि सगळे वाचून दाखविले. तो बसला नाही. त्याने शांतपणे सांगितले, "शेताचं माहीत आहे. घरी आम्ही त्याला अजून अज्जाचं रानच म्हणतो. माझा बाप बांधावरून जाताना पायताण काढायचा." म्हणजे जे आम्ही त्याच्यापासून झाकू पाहत होतो ते त्याच्या घरी शंभर वर्षे उघडेच होते. आम्ही चाचरत पैशाचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "मजुरी ठरली आहे तेवढी द्या." त्या स्वरात क्षमा होती असे आम्ही म्हणणार नाही. नाव कोठे आहे ते मात्र त्याने दोनदा विचारून घेतले. पणजोबाचे नाव घरात कोणास आठवत नव्हते; पितरांना पान वाढताना 'मोठे अज्जा' म्हणून भागवीत. आम्ही जुन्या सवयीने कानडी लिपीत अस्सलबरहुकूम नक्कल केली, खाली तारीख घातली, सही केली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि परत कामाला लागला.

चित्रकागद मागच्या नव्या खोलीच्या सिमेंटच्या भिंतीवर लागला. रेघ ओळंब्यात आली, गड सरळ उभा आहे. सूनबाई रुसल्या : "बाबा, एवढा डोंगर मागच्या खोलीत नेलात?" माजघराची भिंत तशीच अर्धी खरवडलेली आहे. आल्यागेल्याने विचारले तर आम्ही वाचून दाखवितो. न विचारल्यास सांगतोच असे नाही, आणि याची आम्हांस लाज वाटते.

त्या हिशेबात आज अकरा नावे दिसतात. वरच्या चार ओळी, अक्षरे आमच्या ध्यानात येण्यापूर्वीच, खरवडून निघाल्या होत्या. तो चुरा घमेल्यात भरून गवंड्याने आमच्याच सांगण्यावरून परसात पेरूच्या बुडाशी टाकला होता. आम्ही तेथे जाऊन पाहिले. चार दिवसांत त्यावर दोनदा पाणी पडले होते.