पाहुण्यांसमोरची मुले

युद्धातून किंवा देहविक्रीच्या बाजारातून सुटलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या संस्थांना देणगीदार, पत्रकार आणि हौशी प्रवासी भेटी देत असतात. या भेटींमुळे पैसा येतो आणि चार भिंतींआडच्या कारभारावर बाहेरची नजर राहते, तेव्हा त्या सरसकट बंद कराव्यात असे म्हणता येणार नाही. मात्र भेटीत काय दिसते आणि काय सुटते, हे तपासायला उत्तर युगांडाचे उदाहरण उपयोगी आहे.

बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ने तेथे दोन दशकांत हजारो मुले पळवली. मुलांच्या हाती बंदुका दिल्या, मुलींना कमांडरांच्या घरात डांबले. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटे अबोके येथील शाळेतून १३९ मुली नेल्या गेल्या. राकेले फासेरा ही इटालियन नन बंडखोरांच्या मागोमाग रानात शिरली आणि १०९ मुलींना सोडवून घेऊन आली. ३० मुली मागेच राहिल्या. या घटनेने जगाचे लक्ष वेधले आणि गुलू शहरातल्या पुनर्वसन केंद्रांकडे पाहुण्यांची रीघ लागली.

या केंद्रांत मूल काही आठवडे, फार तर काही महिने राहत असे. औषधोपचार होत, नातेवाइकांचा शोध घेतला जाई आणि मग घरी पाठवणी. म्हणजे पाहुण्याची गाठ पडे ती जखम ओली असतानाच. पळवले कसे, कोणाला मारायला लावले, पळ कसा काढला, हे त्याला ऐकायचे असे. आणि तो गेला की पुढच्या पाहुण्यालाही तेच हवे असे.

ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि जीनी अ‍ॅनन या संशोधकांनी मात्र केंद्राबाहेर, गावोगावी जाऊन तरुणांची पाहणी केली. पळवून नेलेल्यांचे सरासरी जवळजवळ एक वर्षाचे शिक्षण बुडाले होते, कौशल्याचे काम मिळण्याचे प्रमाण निम्म्यावर आले होते आणि कमाई सुमारे एक-तृतीयांशाने घटली होती. तीव्र मानसिक त्रास होता, पण तो मुख्यतः सर्वाधिक हिंसा भोगलेल्यांत एकवटलेला होता. कित्येक जण तर कोणत्याही केंद्राची पायरी न चढता थेट घरी परतले होते. पाहुण्याला रडणारे मूल दिसते. बुडालेली इयत्ता दिसत नाही, आणि गावात शिवणयंत्र किंवा सुतारकामाची हत्यारे नसलेला विशीतला तरुण तर त्याच्या वाटेवर येतच नाही.

कंबोडियात भेटींचे आणखी वाईट रूप दिसले. २००५ ते २०१० या काळात तेथील अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि आतल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे येतात म्हणून मुले लागतात, असा उलटा व्यवहार सुरू झाला. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावरील चर्चेत या प्रकाराला मानवी तस्करीचेच एक रूप मानले गेले, ते रास्तच होते.

भारतात कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदाराने मुलांसोबत काढून समाजमाध्यमावर टाकलेला फोटोही यात अडकू शकतो. किती देणगीदारांना हे ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

मुंबईशी जोडलेली एक कहाणी येथे महत्त्वाची आहे. १९९६ मध्ये शहरातल्या वेश्यावस्त्यांवरील छाप्यांत सुटलेल्या शंभरावर नेपाळी मुलींना काठमांडूला परत नेण्यात आले. त्यांच्यापैकीच काहींनी ‘शक्ति समूह’ उभा केला. २०१३ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे पाहुण्याशी बोलणारी व्यक्ती प्रौढ असते, संस्था तिची स्वतःची असते, आणि किती सांगायचे हे तीच ठरवते. मुलांच्या निवासात अशी मुभा कोणालाच नसते. म्हणून तेथे जाणाऱ्याने मुलांना भेटण्याचा आग्रह सोडून हिशेबवह्या मागाव्यात, कर्मचारी किती वर्षे टिकतात ते विचारावे, आणि तीन वर्षांपूर्वी घरी गेलेली मुले आज शाळेत आहेत की नाहीत, याची नोंद संस्थेकडे आहे का, ते पाहावे.