न सापडणे आणि नसणे

एखादी वस्तू सापडली नाही म्हणजे ती नाहीच, असे आपण व्यवहारात सहज धरून चालतो. कोनाड्यात किल्ल्या दिसल्या नाहीत की त्या तेथे नाहीत. एवढ्याने आपले काम भागते. परंतु शोधावयाची वस्तू किल्लीएवढी ढोबळ नसेल आणि तिच्या असण्यानसण्याशी एका मनुष्याचे आयुष्य निगडित असेल, तर न सापडणे आणि नसणे यांतील अंतर मोठे होते. भिलाईतील आमच्या एका स्नेह्यांमुळे या अंतराचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

हे स्नेही पोलाद कारखान्यात रुळांच्या तपासणीचे काम करीत. आता निवृत्त आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांस क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे संथ गतीने वाढणारा रक्ताचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. या रोगाच्या मुळाशी असलेल्या गुणसूत्रदोषाच्या ज्ञानाचा इतिहास जवळजवळ भिलाईच्याच वयाचा आहे. येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नॉवेल व हंगरफोर्ड यांनी या रुग्णांच्या पेशींत आढळलेले एक असाधारण आखूड गुणसूत्र जगापुढे ठेवले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. या अदलाबदलीतून उपजणाऱ्या सदोष जनुकाच्या कार्यास अटकाव करणाऱ्या इमॅटिनिब या औषधास २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि जो रोग काही वर्षांत मनुष्यास घेऊन जाई, तो पुष्कळांच्या बाबतीत मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला.

सांभाळणे म्हणजे रोजची गोळी आणि ठरावीक काळाने तपासणी. आरंभी दर तीन महिन्यांनी रक्त घेऊन त्या सदोष जनुकाचे प्रमाण पीसीआर पद्धतीने मोजतात. वर्षअखेर ते ०.१ टक्के किंवा त्याहून खाली यावे, अशी अपेक्षा असते. रक्तपेशींची साधी मोजणी निर्दोष असतानाही हा आकडा चढू लागला, तर गोळ्या चुकत आहेत किंवा औषध लागू पडेनासे झाले आहे, ही शंका वेळीच येते आणि उपाय बदलता येतो.

आमच्या स्नेह्यांचा आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. एका अहवालात तर ‘आढळले नाही’ असा शेरा आला. तेव्हा ते म्हणाले, “आता पुरे झाले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मी निरोगी असतो. रक्त दिले की अहवाल येईपर्यंत रोगी होतो. मग मला आजारी कोण करते, रक्त की कागद?”

आम्ही त्यांच्याच व्यवसायाचा आधार घेतला. “आपण जन्मभर रुळांच्या पोटात ध्वनिलहरी सोडून न दिसणारा तडा शोधलात. रूळ मार्गावर पडल्यावरही रेल्वे तो पुनःपुन्हा तपासते. वरची चकाकी पाहून कोणी निर्धास्त राहत नाही.”

ते हसले. “खरे आहे. पण रुळाला अहवालाची वाट पाहावी लागत नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर या वाक्याचे पूर्ण उत्तर आजही आमच्याजवळ नाही. परंतु त्याच वेळी वहिनींनी विचारले, “आढळले नाही, म्हणजे आता नाहीच ना?” आणि विचारास दिशा मिळाली.

हा प्रश्न आपल्या दर्शनकारांस नवा नाही. भाट्ट मीमांसक व अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घट दिसत नाही, यावरूनच घटाचा अभाव कळतो. मात्र त्यास एक अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात तो न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. पीसीआरचा दिवा प्रखर आहे, तरी त्याच्या उजेडालाही सीमा आहे. ‘आढळले नाही’ या शेऱ्याआड सदोष पेशी लाखांनी उरलेल्या असू शकतात. तो शेरा अभावाचा दाखला नव्हे. येथवर पाहिले आणि दिसले नाही, एवढेच तो सांगतो.

मग अशा अपुऱ्या ज्ञानासाठी वाट पाहण्याचा ताप का सोसावा? फ्रान्समध्ये दोन वर्षे असा शेरा टिकलेल्या रुग्णांचे औषध थांबवून पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक जणांत खूण परतली, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. औषध पुन्हा देताच रोगाने त्यास दाद दिली. उरलेल्यांस गोळीवाचून राहता आले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पाहणे चालू होते म्हणूनच औषध सोडण्याचे धाडस करता आले. आमचे स्नेही ज्या मोकळिकीसाठी तपासणी सोडू पाहत होते, त्या मोकळिकीची वाट तपासणीतूनच जाते.

यावरून तपासणी हे कर्तव्य ठरते, असे आम्हांस वाटते. परंतु ते एकट्या रुग्णाचे नव्हे. रक्त त्यालाच द्यावे लागते, वाट पाहणे मात्र वाटून घेता येते. आपण भेटीगाठींत “बरे झालात ना?” असे विचारून त्याच्याकडून ‘नाही’ या शब्दाची अपेक्षा करतो, तो शब्द देणे त्याच्या हाती नसते. जे ज्ञान वैद्यासही नाही ते रोग्याकडे मागणे, हा आपल्या आपुलकीत दडलेला अन्याय होय.

पुढच्या खेपेस स्नेह्यांनी रक्त दिले. आमच्या युक्तिवादाने दिले, असे आम्ही म्हणणार नाही; बहुधा वहिनींच्या प्रश्नाने दिले असावे. नमुना बाहेरगावी गेला. अहवाल येईपर्यंत आम्ही रोज सायंकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत होतो. रोगाचा विषय आम्ही काढला नाही. त्यांनीही काढला नाही. चहा होई, बदल्यांच्या जुन्या गोष्टी निघत, आणि नऊ वाजले की आम्ही उठत असू.