आतला आवाज आणि रेखांश

लढाऊ विमान धावपट्टीकडे निघण्याआधी काही मिनिटं जागचं हलत नाही. वैमानिक पट्टे आवळून तयार असतो, पण विमानातल्या जडत्वीय दिशादर्शन यंत्रणेला आधी स्वस्थता हवी असते. या क्रियेला 'अलाइनमेंट' म्हणतात. अनुवादक म्हणून मी 'संरेखन' लिहीन, पण तो शब्द मला अपुरा वाटतो. इथे रेषेत येण्यापेक्षा निश्चल होऊन ओळखणं अधिक आहे.

त्या निश्चलतेत त्वरणमापकांना गुरुत्वाकर्षण जाणवतं आणि 'खाली' कुठे ते कळतं. जायरोस्कोपना पृथ्वीचं फिरणं जाणवतं, तासाला 15 अंश. त्यावरून उत्तर दिशा सापडते, अक्षांशही पडताळता येतो. पुढे उड्डाणात प्रत्येक हिसका मोजून, त्यांची बेरीज करत यंत्रणा आपलं स्थान काढत राहते. उपग्रहाचे संदेश शत्रू अडवू शकतो, खोटे पाठवू शकतो. या हिशेबापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. आपण ज्याला मोठ्या आदराने 'आतला आवाज' म्हणतो, तो असाच असावा असं वाटतं.

पण एक गोष्ट या यंत्रणेला कितीही शांत बसून कळत नाही, ती म्हणजे रेखांश. नागपूर आणि सुरत जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्हीकडे पृथ्वीचं फिरणं सारखंच जाणवतं. शून्य रेखांश ग्रिनिचचा, हे तर 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत माणसांनीच ठरवलं. त्यामुळे तो आकडा बाहेरून कुणीतरी सांगावा लागतो.

प्रवासी विमानांतही हीच पद्धत असते. मार्च 2015 मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात 151 अंशांच्या जागी 15 अंश रेखांश भरला गेला. फरक अकरा हजार किलोमीटरहून जास्त. उड्डाणानंतर विमान भलत्याच दिशेला वळलं आणि अखेर मेलबर्नला सुखरूप उतरलं. बेरीज करणारं यंत्र बिघडलेलं नव्हतं. सुरुवातच चुकली होती.

विवेकाचंही असंच होतं. शांत बसलं की आपण कुठे खोटं बोललो, कुणाला दुखावलं, हे कळतं. पण आपण समाजात कुठे उभे आहोत, हा आकडा घराने, जातीने, शाळेने आपण बोलू लागण्याआधीच भरलेला असतो. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवणाऱ्या सज्जन माणसाला रात्री शांत झोप लागते. त्याचा आतला आवाज त्याला फसवत नाही. मिळालेल्या आकड्यापासून तो चोख हिशेब करतो. कप वेगळा का, हे त्याला त्या बाईच विचारू शकतात. आणि त्यांनी विचारावं अशी सोय त्या घरात नसते.

मग आतला आवाज टाकून द्यायचा का? आजची विमानं तसं करत नाहीत. 1960 साली रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेल्या गणिती पद्धतीने ती आतला हिशेब आणि बाहेरची खबर एकत्र तोलतात. ज्यात अनिश्चितता जास्त, त्याचं वजन कमी. त्यासाठी यंत्रणेला आपण किती चुकत असू, याचा अंदाजही सतत ठेवावा लागतो; आणि बाहेरून पडताळा मिळाला नाही, तर तो अंदाज वेळेबरोबर वाढत जातो.

मला यातलं हेच घ्यावंसं वाटतं. माझं मन मला ग्वाही देतं, असं म्हणणाऱ्याने त्या मनाने शेवटचं कुणाला आणि कधी विचारलं होतं, तेही सांगावं.