नाताळच्या पहाटेची घंटी

गेल्या नाताळच्या पहाटे आम्ही सायकलीवर बसून क्वार्टर गेटापासून गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयाकडे उपासनेस निघालो. १८८५ साली बांधून झालेले हे देऊळ पुण्यात पंचहौद या नावाने सर्वांस ठाऊक आहे. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आता मोटारींच्या गर्दीत सायकलवाल्याने जीव मुठीत धरूनच जावे. परंतु २५ डिसेंबरला कचेऱ्यांस व शाळांस सुटी, त्यात थंडी. नाना पेठेचा रस्ता अगदी मोकळा होता. चाकांचा आवाज तेवढा ऐकू येई. ही शांतता देवाने आमच्याकरिताच राखून ठेविली आहे, असा एक गोड गर्व मनात शिरला, हे कबूल केले पाहिजे.

एका वळणावर एक बाई रस्ता झाडीत होती. आम्ही घंटी वाजविली. ती झाडू जवळ घेऊन बाजूस सरली व आम्ही जाईपर्यंत उभी राहिली. पुढे गेल्यावर मात्र ती घंटी आमच्या कानांतून जाईना. रस्ता रिकामा होता. थोडे वळून आम्हांस जाता आले असते.

शहर निजले आहे असे आम्ही म्हणत होतो, ते तरी खरे होते काय? दूधवाला हिंडत होता, वर्तमानपत्रे वाटणारी मुले जिने चढत होती, इस्पितळांत परिचारिका रात्रपाळी संपवीत होत्या. इतकी माणसे जागी असता, येथे कोणी नाही असे आम्ही समजलो.

कोणी म्हणेल, काम कोणास तरी करावेच लागते; त्यात पाप ते कोणते? बरोबर आहे. खेड्यांतील आमचे वाचक जाणतात की, सणाच्या दिवशीही गाईची धार काढावी लागते व ज्वारीच्या राखणीस जावे लागते. दोष कामात नव्हता, घंटीत होता. काम करणारे माणूस आम्हांस वाटेतील अडचण वाटले. जवळच्याच गंज पेठेत जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. त्यांनी वाट दिली, आम्ही मागितली.

आणि प्रभूच्या जन्माची वार्ता प्रथम मिळाली ती कोणास? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांस. त्यांस त्या रात्री सुटी नव्हती. त्याच मेंढपाळांविषयीचे टिपण आमच्या खिशात होते. संध्याकाळी दुसऱ्या एका मंडळीत आम्हांस त्यावर उपदेश करावयाचा होता.

उपासना झाल्यावर त्याच वाटेने परतलो. तोवर रहदारी वाढली होती. ती बाई तेथे नव्हती. वळणावर तिने गोळा केलेला पाल्याचा ढीग होता, आणि तो विसकटू नये म्हणून आम्ही सायकल सहज वळविली.