तेलाची तूट

मोटारीस वंगणाचें तेल प्रमाणाबाहेर लागूं लागलें म्हणजे आपल्याकडे ‘गाडी ऑइल खाते’ असें म्हणतात. हा शब्दप्रयोग मोठा सोयीचा आहे. कारण खाणारा अवयव कोणता, तो किती खातो आणि केव्हांपासून खातो, हे तिन्ही प्रश्न त्या एका क्रियापदांत विरून जातात. मग पुढचा मार्गही सोपा होतो. डबा आणावा, ओतावा आणि गाडी हांकावी. या क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवहारांत सत्य सांगण्याच्या कर्तव्याचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि भोकरदनसारख्या तालुक्याच्या गांवीं मिस्त्र्याच्या छपरींत तो जितका उघड दिसतो, तितका तत्त्वज्ञानाच्या वर्गांत क्वचितच दिसतो.

आधीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. थोडें तेल जळणें हा दोषच नव्हे. नळकांड्यांत दट्ट्या, म्हणजे मिस्त्र्यांच्या भाषेंत पिस्टन, मिनिटाला हजारों वेळां वरखालीं होतो. त्याच्या आणि भिंतीच्या मध्यें तेलाचा पातळ थर नसेल तर धातु धातूस खाईल. दट्ट्यावरील सर्वांत खालच्या रिंगेचें काम हें तेल निपटून खालीं लोटण्याचें. पण तिनें तें अगदीं निःशेष निपटलें तर वरच्या रिंगा कोरड्या पडतील. म्हणून थोडा थर मागें राहतो व ज्वालेंत जळून जातो. कित्येक कारखानदार हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची तूट दोष मानीत नाहींत. तेव्हां ‘तेल कां जातें?’ हा प्रश्न व्यर्थ होय. ‘अधिक जातें काय, आणि कोणत्या वाटेनें?’ हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाहीं. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें, मग तेलाची पट्टी पाहावी आणि किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा. आपले लोक औषधाचा हिशेब ठेवीत नाहींत, तर तेलाचा कोठून ठेवणार! त्यानंतर गाडीखालीं डाग पडतो काय तें पाहावें, इंजिनांतील वाफ परत खेंचणारी लहानशी झडप तुंबली आहे काय तें पाहावें. ती स्वस्त असते, म्हणूनच बहुधा शेवटीं आठवते. मग धूर. निळसर धूर तेलाचा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं सुरू होतांच तो क्षणभर दिसला, किंवा अजिंठ्याचा घाट उतरून पुन्हा वेग देतांना भपकन आला, तर संशय झडपांच्या दांड्यांवरील सीलांवर घ्यावा. चढावर, ओझ्याखालीं तो सतत येत राहिला तर रिंगांवर.

याहून सूक्ष्म परीक्षा पेट्रोलच्या इंजिनांत करतात. प्लग काढून नळकांड्यांतील दाब मोजावयाचा; तो कमी भरला तर चमचाभर तेल आंत सोडून पुन्हा मोजावयाचा. दाब वाढला तर तेलानें फट तेवढ्यापुरती बुजली, म्हणजे दोष रिंगांत किंवा भिंतीत. न वाढला तर झडपांच्या बैठकी व गॅस्केट पाहावें. आयुर्वेदानें रोगज्ञानाचीं जीं पांच साधनें सांगितलीं त्यांतील ‘उपशय’ तो हाच: लक्षणें गूढ असतील तेव्हां औषध देऊन पाहावें आणि उतार पडतो कीं नाहीं यावरून रोग ओळखावा. अर्थात् दाब चांगला भरला म्हणजे रिंगा निर्दोष, असेंही नाहीं. तेल निपटणारी रिंग काजळीनें जखडली तरी वरच्या दोघी दाब धरून ठेवूं शकतात.

आतां नीतीचा प्रश्न. विकावयाच्या जुन्या गाडींत नेहमीहून जाड तेल भरण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे. धूर दबतो, खडखड मंदावते, गिऱ्हाईक पैसे मोजतें. भौतिक दृष्ट्या येथें चमचाभर तेलाच्या परीक्षेहून निराळें कांहींच घडत नाहीं. दोन्हीकडे तेल फट बुजवितें. एकीकडे मात्र तें दोष बोलका करतें आणि दुसरीकडे त्याचें तोंड बांधतें. भेद हेतूचा आहे असें कोणी म्हणेल. मला तें पुरेसें वाटत नाहीं. बोअरचें काम परवडत नाहीं म्हणून काळी-पिवळी जीपवाला हंगाम संपेपर्यंत जाड तेलावर गाडी रेटतो, त्याचाही हेतु पैसा वांचविण्याचाच असतो. पण तूट त्याची आहे आणि ती त्याला ठाऊक आहे. (धूर मात्र मागून येणाऱ्याच्या नाकांत जातो, हें त्यानेंही विसरूं नये.) ज्याला तोटा सोसावयाचा आहे त्याला तो माहीत आहे काय, ही कसोटी मला अधिक खरी वाटते.

सिसेरोनें इ. स. पू. ४४ मध्यें कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत विकणाऱ्यानें दोष सांगावा काय यावर दोन स्टोइक पंडितांचा वाद दिला आहे. अँटिपेटर म्हणतो, सारें सांगावें. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा मागेल तेवढेंच. आपला १८७२ चा करार कायदा मध्यम मार्गानें जातो. नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे, असें सतरावें कलम सांगतें. लिलांवांत विकलेल्या सदोष घोड्याचें त्यांत उदाहरणही आहे. परंतु ठाऊक असलेला दोष कृतीनें झांकणें, हें तेंच कलम कपट ठरवितें. घोड्याविषयीं गप्प बसणारा सुटेल. जाड तेल ओतणारा सुटूं नये.

मिस्त्र्याविषयीं मात्र हें कलम फारसें कांहीं सांगत नाहीं. भोकरदन हें व्यापाराचें प्राचीन गांव. सांची व भरहुतच्या दानलेखांतील भोगवर्धन तें हेंच. तेथें घेणारा-विकणारा ही जोडी नवी नाहीं, पण दोघांच्या मध्यें उभा असलेला हा जाणता इसम नवा आहे. मालकाच्या सांगण्यावरून त्यानेंच जाड तेल भरलें, आणि आठ दिवसांनीं घेणारा तीच गाडी त्याच्याकडे दाखवावयास आणतो. बोलावें तर जुनें गिऱ्हाईक तुटतें. न बोलावें तर एका कुटुंबाची शिल्लक इंजिनकामांत जाते, कारण तेल पार उतरून तांबडा दिवा लागतो तोंवर बेअरिंगें गेलेलीं असावयाचीं. तो दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नव्हे, हें किती मोटारवाल्यांस ठाऊक असतें?

असा मिस्त्री पुष्कळदां एवढेंच सांगतो: गाडी एक रात्र आपल्या दारांत उभी करा, पहांटे स्वतः सुरू करा, मागें उभे राहून धूर पाहा, आणि जुनें तेल काढून कारखान्यानें सांगितलेलें भरल्यावर मग चार मैल चढावर न्या. नांव कोणाचेंच घेत नाहीं. अँटिपेटरला हें अर्धेंच सत्य वाटलें असतें, आणि मलाही तें पुरतें वाटत नाहीं. पण अँटिपेटरला दुसऱ्या दिवशीं त्याच छपरींत येऊन बसावयाचें नव्हतें.