शहाणपणाची पारख

मराठी म्हणींना बुद्धीची पारख माणसाच्या वागण्यातून करायची सवय आहे. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत हुशारीची खूण म्हणजे ऐकून घेण्याची तयारी. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणाऱ्याला मान देते. ‘बैल गेला अन् झोपा केला’ म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, त्याला गोठ्याला दार करता येत होतेच. त्याला वेळ साधता आली नाही.

हे शेतकऱ्यांचे तत्त्वज्ञान आहे. पेरणीचे दिवस मोजके असतात आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’. काम उभे न करणारी अक्कल, कितीही तल्लख असली तरी, इथे शहाणपण ठरत नाही. हीच दृष्टी राजकारणातही उतरली. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, तर नाना फडणवीस अर्धे. नानांच्या मुत्सद्देगिरीबद्दल कोणाला शंका नव्हती, पण ते तलवारबहाद्दर नव्हते, असे त्याचे कारण सांगतात.

बुद्धीला जबाबदारीशी बांधणारी ही परंपरा मला मोलाची वाटते. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. ‘पालथ्या घड्यावर पाणी’, ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून’ या म्हणी ऐकवल्या की शिकवणारा मोकळा होतो आणि न समजल्याचा सारा दोष शिकणाऱ्यावर जातो. ज्या समाजाने बहुसंख्यांना अक्षरापासूनच दूर ठेवले, तिथे हा निवाडा फार सोयीचा होता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आड कोरडा नव्हता. त्यात पोहरा कोणी सोडलाच नव्हता.

म्हणी वारशाने येतात, पण त्या कोणाला ऐकवायच्या हे आपण ठरवतो. स्वतःच्या हुशारीला जाब विचारणाऱ्या म्हणी जवळ ठेवाव्यात. कोणाच्या कुवतीवर कायमचा शिक्का मारणाऱ्या म्हणी मात्र निदान वर्गात आणि घरात मुलांसमोर तरी उच्चारू नयेत.